हिवाळ्यात देव राखतो म्हणतात, पण नेमकं काय राखतो?

पहाटेची_पाळी
प्रश्न लांबणार आहे, आधीच सांगते. आणि एक विनंती: 'हिवाळ्यानंतर वसंत येतोच' हे वाक्य कृपया कुणी लिहू नका. ते मला पाठ आहे. इतरांच्या पडत्या काळात मीच ते त्यांना ऐकवलेलं आहे.

माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. कामामुळे त्याची सतत फिरती असायची. तो घरातून निघाला की मी १२१वं स्तोत्र म्हणायचे. त्याच्या शेवटी परमेश्वर तुझं जाणं-येणं सांभाळील, असं आहे. त्या दिवशीही म्हटलं होतं.

आईला विस्मरणाचा आजार आहे. मुलगा गेला हे तिला सांगितलं की ते तिला दर वेळी पहिल्यांदाच कळतं, आणि पहिल्या वेळेइतकंच लागतं. म्हणून आता सांगत नाही. 'कधी येणार तो?' असं विचारते तेव्हा 'उशीर होईल म्हणालाय' एवढंच बोलते. रात्री ती सारखी उठते, दाराची कडी काढायला जाते. त्यामुळे पहाटे बायबल घेऊन बसायची माझी जी वेळ होती ती गेली. पूर्वी मनन लिहिता लिहिता वह्या भरायच्या. आता एखादी ओळ वाचली तर वाचली. प्रार्थना म्हणजे 'देवा, आज तिला पडू देऊ नकोस', संपली. उपासनेच्या वेळी गाणाऱ्यांत मी पुढे असायचे, आता तोंड उघडलं की घसा दाटतो, म्हणून जाणंच सोडलंय.

देवावर रागावलेय का? हो, थोडी. त्याला सोडलंय का? नाही. का नाही, ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास सांगतात. हा तुझा आध्यात्मिक हिवाळा आहे, यातून तू वाढशील. आणि देव तुला राखतोय. पण मी स्वतःकडे बघते तर आधीपेक्षा आक्रसलेलीच दिसते. आणि राखणीचं म्हणाल तर जे राखायला दिलं होतं तेच गेलं. मग हे लोक कशाबद्दल बोलतात? ज्यांनी असा काळ काढलाय त्यांनी लिहा. किंवा ज्यांना खराखुरा, बर्फाचा हिवाळा माहीत आहे त्यांनीही लिहा, चालेल. उपदेश नको.


कृपा_सदैव
ताई, वाचून डोळे भरून आले. देव कुणावरही त्याच्या शक्तीपलीकडचं ओझं टाकत नाही. धीर धरा. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते.


कलमवाला
खरा हिवाळा माहीत असलेल्यांनी लिहावं म्हणालात म्हणून लिहितो. देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही. थंड प्रदेशातली फळझाडं, म्हणजे सफरचंद, पीच, चेरी, यांत मात्र माझी उमर गेली.

सगळ्यात आधी, हिवाळ्यात झाड वाढत नाही. हे लोक विसरतात. बुंधा आडवा कापून वाढीची वलयं पाहिली तर त्यात थंडीच्या महिन्यांचं लाकूडच नसतं. माळी त्या दिवसांत फांदीची लांबी मोजायला जात नाही, मोजण्यासारखं काही नसतं म्हणून. तुम्ही स्वतःला मोजायला घेतलंय ते चुकीच्या हंगामात, असं मला वाटतं. 'यातून वाढशील' म्हणणाऱ्यांनीही हंगाम पाहिलेला नाही.

दुसरं म्हणजे सफरचंदाला वसंतात जे फूल दिसतं त्याची सुरुवात आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. कळी तयार होते, तिच्यावर खवले मिटतात आणि ती तशीच अख्खी थंडी काढते. जानेवारीत बाग पाहिली तर वाळक्या काटक्या दिसतात. कळी उभी चिरून भिंगाखाली धरली की आत फुलाचे बारीक भाग सापडतात. त्यांत नवं काही चाललेलं नसतं. जे आधीच झालंय ते फक्त बंद करून ठेवलेलं असतं.

थंडीचा हिशोब झाड ठेवतं, हेही खरं. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसमधले तास धरले जातात. सफरचंदाच्या बऱ्याच जुन्या जातींना असे ८०० ते १००० तास लागतात, काही जातींचं त्याच्या निम्म्यातही भागतं. तेवढी थंडी मिळाली नाही तर कळ्या मागेपुढे, उशिरा फुटतात आणि फळ कमी धरतं. म्हणजे एकाच बागेत दोन झाडांचा हिवाळा सारखा नसतो. अमक्याची बायको गेली आणि तो वर्षात सावरला, असं कुणी ऐकवलं तर ते सोडून द्या.

पण एक सांगून ठेवतो. झाडाला थंडी लागते म्हणून तुमच्या घरातलं मरण तुम्हाला 'लागत होतं', असा अर्थ यातून कुणी काढू नये. थंडी झाडाच्या जगण्यातच धरलेली असते, अपघात तसा नसतो. माझी गोष्ट इथे थांबते.

आता राखणीबद्दल. हलक्या ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. त्यामुळे वर उणे २० असलं तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपास टिकते. हिवाळी गव्हाला खरं भय बर्फाचं नसतं, बर्फाविना पडलेल्या कोरड्या कडाक्याचं असतं. दुसरा प्रकार वसंतातला. कळ्या उमलल्या आणि रात्री हिमकडाका येणार असला की बागेत फवारे सुरू करतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं. फूल बर्फात गुंडाळलं जातं, पण त्याचं तापमान शून्यापाशी राहतं, मरेल इतकं खाली उतरत नाही. यात एक अट आहे. सकाळी बर्फ वितळायला लागेपर्यंत फवारा थांबता कामा नये. मध्येच बंद पडला तर काहीच न करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. त्यामुळे त्या रात्री कुणीतरी पंपापाशी जागं बसतं. त्या माणसाची अवस्था सकाळी बघण्यासारखी असते.


जुनं_वल्हं
कलमवाले साहेब, छान लिहिलंत. स्तोत्रसंहितेतही परमेश्वर लोकरीसारखं बर्फ पसरतो असं आहे (स्तोत्र १४७). मी ते आजवर शोभेची उपमा म्हणून वाचत आलो.

कृपाताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण 'शक्तीपलीकडचं ओझं देव टाकत नाही' हे शास्त्रात या अर्थाने नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं जे वचन लोक धरतात ते परीक्षेबद्दल, मोहाबद्दल आहे. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तोच पौल लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. तेव्हा ताईंना ओझं झेपत नसेल तर ती त्यांच्या विश्वासातली उणीव नव्हे.

ताई, तुम्हाला मी प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय वाचायला सांगेन. एका ओळीवर भागतंय म्हणालात, तर थोडक्यात मीच सांगतो. पौलाला कैदी म्हणून जहाजाने रोमला नेत होते. समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आला होता. क्रेत बेटावरचं जे बंदर गाठलं होतं ते हिवाळा काढायला सोयीचं नाही, म्हणून पुढच्या बंदरात जायचं ठरलं. पौल नको म्हणाला, पण ऐकलं कप्तानाचं. मग वादळ आलं. पुष्कळ दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. वाचण्याची आशा सुटली असं हे पुस्तक लिहिणारा लूक लिहितो, आणि ते 'आम्ही' म्हणून लिहितो. म्हणजे आशा सुटलेल्यांत विश्वास ठेवणारेही होते. त्यानंतर पौलाला देवदूताकडून कळतं की जीव एकाचाही जाणार नाही, जहाज मात्र जाईल.

आणि तसंच झालं. जहाज फुटलं. २७६ माणसं, कुणी पोहत, कुणी फळ्या धरून, किनाऱ्याला लागली. ते मिलिता बेट, म्हणजे आजचं माल्टा. पाऊस होता, थंडी होती. तिथल्या लोकांनी, ज्यांची यांच्याशी ना ओळख ना भाषा, शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतलं. पुढचे तीन महिने हिवाळा तिथेच गेला.

वादळ शमवणं देवाला जड नव्हतं, गालीलच्या सरोवरावर एकदा शमवलं होतंच. इथे शमवलं नाही. राखण झाली ती फळ्यांनी आणि परक्यांच्या शेकोटीने. पौलाचं पुढचं एक पत्र बघा, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं. प्रभू मला सांभाळून त्याच्या राज्यात नेईल, असं तो शेवटच्या अध्यायात लिहितो. त्याच अध्यायात असंही लिहितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आणि पुस्तकं घेऊन ये, आणि हिवाळ्याआधी येऊन पोचायचं बघ. देवावर भरवसा आहे आणि झगाही हवा आहे. यात त्याला काही विचित्र वाटलेलं नाही.

म्हणून विचारतो, तुमच्या घरी रात्रीची एखादी पाळी दुसरं कुणी करू शकेल का? कुणाला तसं म्हणून पाहिलंत का?


पहाटेची_पाळी
कलमवाले, 'चुकीच्या हंगामात मोजताय' हे वाचून बऱ्याच दिवसांनी हायसं वाटलं. पंपापाशी बसणाऱ्याची अवस्था मी ओळखते.

वल्हंकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमचं पटलं, पण एक खडा टोचतोय. २७६ जण होते आणि सगळे वाचले. माझ्याकडे एकच होता. 'जहाज गेलं, जीव वाचले' ही गोष्ट ज्यांचे जीव वाचले त्यांची आहे. माझ्या घरी उलटं झालं. गाडी दुरुस्त होऊन परत आली.

पाळीचं कुणाला विचारलेलं नाही. चुलतबहीण जवळच राहते. तिला तिचे व्याप.


जुनं_वल्हं
काका चालेल.

तुमचा खडा खरा आहे, तो मला काढता येणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्याच १२व्या अध्यायात हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब, म्हणजे योहानाचा भाऊ, याला तलवारीने मारतो. एका वाक्यात ते संपतं. मग पेत्राला तुरुंगात टाकतो. मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते आणि देवदूत येऊन त्याला सोडवतो, बेड्या गळून पडतात, फाटक आपोआप उघडतं, सगळं सविस्तर. याकोबासाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल, असं मला वाटत नाही. एक गेला, एक सुटला. का, ते लूक सांगत नाही आणि सांगितल्याचा आवही आणत नाही. मी चाळीसएक वर्षं हा अध्याय शिकवला. वर्गात कुणी विचारलं की सुरुवातीला उत्तरं द्यायचो. पुढे पुढे प्रश्न फळ्यावर लिहून तसाच ठेवायला लागलो.

मग १२१वं स्तोत्र खोटं का? मला तसं वाटत नाही. पण ते प्रवासात काही होणार नाही याची हमी म्हणून वाचणंही मी सोडलं. रोमकरांच्या पत्रात ८व्या अध्यायात संकट, छळ, उपासमार, तलवार अशी यादी देऊन यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही, असं आहे. तलवार त्या यादीत आहे. ती चालणार नाही असं म्हटलेलं नाही. तुमचा भाऊ देवाच्या हातून निसटला नाही, एवढंच मी त्याच्या आधाराने म्हणेन. हे तुम्हाला आत्ता पुरेल असं नाही, आणि नाही पुरलं तर नाही.

वाचायचंच झालं तर ८८वं स्तोत्र काढा. त्यात शेवटी उजाडत नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलं गेलं. आणि मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली छापून आली, तेव्हा लोक चकित झाले होते. कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. काम चालू होतं.


वाटेवरचा
मी वारकरी. इथे सगळे पवित्र शास्त्रातलं बोलताहेत, मध्ये तोंड घालू का असा विचार करत होतो. पण तुकोबांची आठवण आली.

सन १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी देवाला म्हटलं की बरं झालं दिवाळं निघालं, बरं झालं दुष्काळाने पीडा केली. कीर्तनात हे फार रंगवून सांगतात. पण दोन गोष्टी कुणी बोलत नाही. एक तर हे ज्याचं गेलं तो स्वतः म्हणाला. शेजारी येऊन 'बरं झालं हो तुकाराम' म्हणाला असता तर कसं वाटलं असतं? आणि दुसरं, दुष्काळ चालू असताना ते हे म्हणाले नसावेत, असं मला वाटतं. मागे वळून म्हणाले असतील. तुम्ही आज 'बरं झालं' म्हणायचं काही कारण नाही. पुढे कधी म्हणाल, कधीच म्हणणार नाही, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न.


वॉर्ड_सात
मी परिचारिका आहे, त्यामुळे माझं लिहिणं थोडं रुक्ष वाटेल.

ताई, दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक असतो आणि तो घरबसल्या ओळखता येईलच असं नाही. जेवणाची इच्छा जाणं, आई शांत झोपलेली असतानाही तुम्हाला झोप न लागणं, कशातच रस न वाटणं, 'मी नसते तर बरं' असे विचार येणं, यातलं काही आठवड्यामागून आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. शेवटचा विचार एकदा आला तरी दाखवा, तो आठवडा संपायची वाट बघू नका. याला 'आध्यात्मिक हिवाळा' असं नाव देऊन उपचार लांबवलेले मी पाहिलेत, आणि माझा या शब्दावर राग आहे तो त्यामुळे. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली जाऊन मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला काही समजावत बसत नाही. भाकरी आणि पाणी देतो, तो झोपतो, उठवून पुन्हा खायला देतो. देवाशी बोलणं त्याच्या पुष्कळ नंतर होतं.

आईचं: 'उशीर होईल' या उत्तराबद्दल मनाला लावून घेऊ नका. स्मृती गेलेल्या माणसाला दर वेळी खरं सांगून पुन्हा पुन्हा तो धक्का देण्यात काही अर्थ नसतो, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. अजून एक करून बघा. ती 'कधी येणार' विचारते तेव्हा वेळेचं उत्तर देण्याऐवजी त्याच्याबद्दलच बोलायला लावा. 'आठवण येतेय का? लहानपणी कसा होता तो?' बऱ्याचदा विचारण्यामागे ओढ असते, वेळ जाणून घ्यायची नसते. शिवाय तुम्हालाही त्याचं नाव तोंडातून काढता येईल.

कडीला छोटी घंटा बांधा, न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. आणि चुलतबहिणीला विचारा. व्याप सगळ्यांनाच असतात, तिला नाही म्हणू दे, पण तिच्या वतीने तुम्ही नाही म्हणू नका.


पहाटेची_पाळी
सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं.

वॉर्ड_सात, शेवटचा विचार नाही आला. बाकीचं थोडं थोडं आहे, डॉक्टरांची वेळ घेते. 'लहानपणी कसा होता' हे काल विचारलं. आई अर्धा तास बोलत होती. त्यातलं निम्मं त्याचं नव्हतं, मामाचं होतं, पण आम्ही दोघी हसलो. मी नंतर रडले, ते वेगळं.

चुलतबहिणीला फोन केला. शनिवारची रात्र ती घेईल. 'एवढे दिवस बोलली का नाहीस' म्हणून रागावली. काका, झगा म्हणून याची नोंद करायला हरकत नाही.

वाटेवरचा, तुम्ही मध्ये तोंड घातलंत ते बरं केलंत. 'बरं झालं' मी आज म्हणत नाही, आणि ते म्हणायचं नाही हे कुणीतरी स्पष्ट सांगावं असं वाटत होतं.

१२१वं स्तोत्र अजून उघडवत नाही. ८८वं वाचलं. त्यातला माणूस तक्रार करतो, पण रोज करतो, रात्रंदिवस, त्याच देवाकडे. माझ्या एका ओळीच्या प्रार्थनेत आणि त्यात फार अंतर नाही, एवढं दिसलं. वाढ वगैरे तुम्ही म्हणता तशी तूर्त मोजत नाही.

कलमवाले, एक शंका. भर थंडीत मध्येच चार दिवस ऊब आली तर झाडाला बरं असतं का? मला अधूनमधून एखादा दिवस एकदम चांगला जातो. लगेच वाटतं की संपलं, आता रविवारी जाऊन गाऊया. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मग आधीपेक्षा वाईट वाटतं.


कलमवाला
अशा उबेला बागाईतदार भितात. थंडी हळूहळू वाढत जाते तसं झाड स्वतःला तयार करतं. पेशींत साखर साठते, पेशीतलं पाणी बाहेरच्या मोकळ्या जागेत जातं, म्हणजे गोठलं तरी बाहेर गोठेल, आत नाही. मध्ये ऊब आली की ही तयारी सैल होते. तेव्हा झाड छान टवटवीत दिसतं आणि पुढचा कडाका त्याला जास्त लागतो. थंडीचे तास पुरे झालेले नसतील तर ते सहसा उबेला फसत नाही, कळी मिटलेलीच ठेवतं. तास संपत आले असतील तर मात्र चटकन फुटतं.

ऊब आली तर ती घ्यावी, त्यात वाईट काही नाही. मी फक्त त्या आठवड्यात छाटणी करत नाही, खत घालत नाही, झाडाला नवं काही करायला लावत नाही. गाण्याचं माझ्या अकलेबाहेरचं आहे, पण मागच्या बाकावर बसून ऐकून यायला कुणाची ना नसावी. न गाता बसता येतं का तिथे?


पहाटेची_पाळी
येतं. शनिवारी रात्री झोप मिळाली तर या रविवारी जाईन. मागचं बाक दाराजवळ आहे, मध्येच उठूनही येता येईल.